महाविद्यालयासाठी स्मार्ट ओळखपत्राची निवड : तंत्र, सुरक्षितता आणि संस्थेचे उत्तरदायित्व

सारांश

महाविद्यालयांच्या प्रशासनात संगणकाचा वापर वाढत गेला तसे छापील ओळखपत्राची जागा चिपयुक्त ‘स्मार्ट’ ओळखपत्र घेऊ लागले. खरेदीच्या वेळी मात्र कार्डाची किंमत, छपाई आणि पुरवठादाराने दाखविलेल्या सुविधा यांवरच चर्चा केंद्रित होते. ओळखपत्राची सुरक्षितता कार्डात बसविलेल्या चिपपेक्षा, कार्ड वाचताना यंत्र कोणता प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नोत्तराची गुप्त किल्ली कोणाच्या ताब्यात आहे यांवर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. या दृष्टीने कार्डांचे प्रकार, मायफेअर क्लासिक या कार्डाचा अनुभव, कामानुसार निवडीचे निकष, माहिती संरक्षणाचे कायदेशीर दायित्व आणि निविदेत घालावयाच्या अटी यांचे विवेचन लेखात केले आहे.

महत्त्वाचे शब्द : स्मार्ट कार्ड, ओळखपत्र, गुप्त किल्ली, प्रवेश नियंत्रण, माहितीचे संरक्षण, खरेदी समिती.

१. प्रस्तावना

ओळखपत्र ही महाविद्यालयीन जीवनातील अगदी परिचित वस्तू आहे. प्रवेशद्वार, ग्रंथालय, परीक्षागृह, वसतिगृह, प्रवास-सवलतीचा अर्ज अशा अनेक ठिकाणी ते दाखवावे लागते. दीर्घकाळ हे ओळखपत्र म्हणजे छायाचित्र चिकटविलेला, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा पुठ्ठा होता. पुढे प्लास्टिकचे कार्ड आले, त्यावर बारकोड आला आणि आता चिप आली. या प्रत्येक टप्प्यावर ओळखपत्राकडून असलेल्या अपेक्षा वाढत गेल्या. आज तर एकाच कार्डाने हजेरी, ग्रंथालयाची देवघेव, प्रयोगशाळेचे दार आणि उपाहारगृहाचे बिल ही सर्व कामे व्हावीत असा आग्रह धरला जातो.

असा निर्णय घेणाऱ्या खरेदी समितीत बहुधा प्राध्यापकच असतात. त्यांचे विषय मराठी, वाणिज्य, रसायनशास्त्र असे निरनिराळे असतात आणि स्मार्ट कार्डाचे तांत्रिक ज्ञान त्यांच्याकडे असावे अशी अपेक्षा करता येत नाही. परिणामी पुरवठादाराचे माहितीपत्रक हाच माहितीचा एकमेव आधार ठरतो. या निर्णयाचा खर्च मात्र विद्यार्थ्यांच्या शुल्कातून होतो आणि त्यातील चुकीचे परिणाम विद्यार्थ्यांनाच भोगावे लागतात. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे प्राध्यापकवर्गासमोर मांडणे आवश्यक वाटते.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) ओळखपत्रांच्या प्रचलित प्रकारांमधील मूलभूत फरक स्पष्ट करणे.
२) कार्डाची नक्कल कशी होते व ती कशी टाळता येते याचे विवेचन करणे.
३) महाविद्यालयातील कामांनुसार कार्ड निवडण्याचे निकष सुचविणे.
४) संस्थेचे कायदेशीर दायित्व व निविदेतील आवश्यक अटी यांकडे लक्ष वेधणे.

३. ओळखपत्रांचे प्रकार

बाह्यतः सर्व कार्डे सारखीच दिसतात. ८५.६० मिलिमीटर लांबी, ५३.९८ मिलिमीटर रुंदी आणि ०.७६ मिलिमीटर जाडी हे माप आयएसओ/आयईसी ७८१० या आंतरराष्ट्रीय मानकाने निश्चित केले आहे; बँकेचे कार्डही याच मापाचे असते. फरक असतो तो आतील रचनेत. त्यानुसार चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग छापील व बारकोडयुक्त कार्डांचा. बारकोड म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा रेघांत लिहिलेला क्रमांक होय. त्यात गुप्त असे काहीच नसते आणि साध्या झेरॉक्स प्रतीवरूनही तो वाचता येतो. ग्रंथालयातील देवघेवीसाठी तो उत्तम काम देतो, कारण तेथे कार्डधारक ग्रंथालय कर्मचाऱ्याच्या समोर उभा असतो व छायाचित्राशी चेहरा ताडून पाहता येतो.

दुसरा वर्ग १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर चालणाऱ्या संपर्करहित कार्डांचा. ‘प्रॉक्सिमिटी कार्ड’ या नावाने ती ओळखली जातात. यंत्राजवळ नेताच हे कार्ड आपला क्रमांक सांगते. समोरचे यंत्र कोणाचे आहे याची शहानिशा ते करीत नाही. या कार्डांत रूढ असलेल्या २६ बिटांच्या रचनेत ८ बिट संस्थेच्या संकेतांकासाठी, १६ बिट कार्डाच्या क्रमांकासाठी आणि उरलेले २ तपासणीसाठी असतात. म्हणजे संकेतांक केवळ २५६ आणि प्रत्येकातील क्रमांक ६५,५३६ एवढेच संभवतात. अशा कार्डाची नक्कल करणारी उपकरणे बाजारात सहज उपलब्ध आहेत.

तिसरा वर्ग १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या स्मृतिकार्डांचा. यांत माहिती साठविण्यासाठी मर्यादित जागा व ती उघडण्यासाठी गुप्त किल्ल्या असतात. ही कार्डे आयएसओ/आयईसी १४४४३ या मानकावर आधारलेली असून सुमारे १० सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरावरून वाचली जातात. मायफेअर क्लासिक हे या वर्गातील सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या १ किलोबाइट क्षमतेच्या प्रकारात १६ कप्पे असून प्रत्येक कप्प्याला दोन किल्ल्या असतात.

चौथा वर्ग प्रगत कूटलेखन करणाऱ्या व सूक्ष्मप्रक्रियक असलेल्या कार्डांचा. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिपयुक्त कार्डाचे पेटंट घेतले आणि त्यानंतर याच मार्गाने बँकेचे कार्ड, मोबाईलचे सिम कार्ड व विद्युत पारपत्र विकसित झाले. या वर्गातील कार्ड स्वतः गणित करते व आपली किल्ली कार्डाबाहेर जाऊ देत नाही. मायफेअर डेसफायर मालिकेतील ईव्ही १ व त्यानंतरची कार्डे १२८ बिटांच्या एईएस या सर्वमान्य कूटलेखन पद्धतीचा वापर करू शकतात. जावा कार्ड प्रणालीवर चालणारी कार्डेही याच वर्गात मोडतात.

पुरवठादार ‘स्मार्ट कार्ड’ हा एकच शब्द दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अशा तिन्ही वर्गांसाठी सर्रास वापरतात. म्हणून कार्डात चिप आहे काय, एवढे विचारून भागत नाही. चिपचा निर्माता व तिचा नेमका प्रकार लेखी विचारणे ही निवडीची पहिली पायरी होय.

४. क्रमांक आणि सिद्धता यांतील भेद

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद क्रमांक व सिद्धता यांमधील आहे. ‘माझा क्रमांक अमुक आहे’ असे कार्डाने सांगणे हे केवळ कथन आहे. तोच क्रमांक दुसऱ्या कार्डानेही सांगता येतो. सिद्धता यापेक्षा वेगळी असते. तीत यंत्र कार्डाला एक यादृच्छिक संख्या देते. कार्ड आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्या संख्येवर प्रक्रिया करून उत्तर देते आणि यंत्र ते उत्तर तपासते. प्रत्येक वेळी संख्या नवी असल्याने आधीचे उत्तर चोरून ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय किल्ली स्वतः हवेतून कधीच प्रवास करीत नाही.

प्रत्येक संपर्करहित चिपला कारखान्यातच एक अनुक्रमांक दिलेला असतो. तो वाचण्यासाठी कोणतीही किल्ली लागत नाही. पुष्कळ ठिकाणी हजेरीची व दारांची व्यवस्था केवळ या अनुक्रमांकावर उभी केलेली असते, कारण तसे करणे सोपे व स्वस्त पडते. अशा व्यवस्थेत कार्ड चौथ्या वर्गातील, म्हणजे महागडे असले, तरी त्याची कूटलेखनाची शक्ती वापरलीच जात नाही. उत्तम कुलूप विकत घेऊन दार नुसते लोटून ठेवावे, तसाच हा प्रकार होय. अनुक्रमांक हवा तसा बदलता येणारी कोरी कार्डे बाजारात मिळतात. अनुक्रमांक अद्वितीय असतो हेही आता सरसकट खरे राहिलेले नाही. चार बाइटांच्या अनुक्रमांकात सुमारे ४२९ कोटीच संख्या बसतात; त्या अपुऱ्या पडू लागल्याने उत्पादकांना सात बाइटांच्या अनुक्रमांकाकडे वळावे लागले आणि चार बाइटांचे अनुक्रमांक पुन्हा वापरले जाऊ लागले.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी पुरवठादाराला एकच प्रश्न आवर्जून विचारावा : दारावरील यंत्र कार्डाचा अनुक्रमांक वाचते, की कार्डाकडून किल्लीची सिद्धता मागते? या प्रश्नाचे स्पष्ट व लेखी उत्तर न मिळाल्यास, इतर सुविधा कितीही आकर्षक असल्या तरी, निर्णय पुढे ढकलणे श्रेयस्कर.

५. मायफेअर क्लासिकचा अनुभव

किल्ली आहे म्हणजे सुरक्षितता आहे, असेही नाही. मायफेअर क्लासिक कार्ड १९९४ च्या सुमारास बाजारात आले आणि जगभर पसरले. लंडनचे ऑयस्टर कार्ड व नेदरलँड्समधील सार्वजनिक वाहतुकीचे कार्ड याच चिपवर आधारलेले होते. त्यातील ‘क्रिप्टो-१’ ही कूटलेखन पद्धती निर्मात्याने गुप्त ठेवली होती आणि तिची किल्ली ४८ बिटांची होती.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील एका संगणक परिषदेत कार्स्टन नोल व हेन्रिक प्लोट्झ यांनी या चिपचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून तिची रचना उलगडल्याचे दाखविले. मार्च २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातील बार्ट याकोब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डाची नक्कल करता येते हे सिद्ध केले. हेच कार्ड शासकीय इमारतींच्या प्रवेशासाठीही वापरात असल्याने हा प्रश्न तिकिटापुरता मर्यादित राहिला नाही. चिपची निर्माती कंपनी एनएक्सपी हिने शोधनिबंधाचे प्रकाशन थांबविण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. १८ जुलै २००८ रोजी आर्नहेम येथील न्यायालयाने मनाई देण्यास नकार दिला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो निबंध स्पेनमधील मालागा येथील परिषदेत सादर झाला. विद्यापीठीय संशोधनाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीनेही हा निर्णय प्राध्यापकवर्गाने लक्षात ठेवावा असा आहे. पुढे २००९ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी दारावरील यंत्राशिवाय, केवळ कार्ड हाती असताना त्याच्या किल्ल्या काढता येतात हे दाखवून दिले.

या अनुभवातून पहिला धडा मिळतो तो गुप्ततेविषयीचा. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच असे तत्त्व मांडले होते की, कूटपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे. गुप्त असावी ती केवळ किल्ली. ‘आमची पद्धती गुप्त आहे, म्हणून सुरक्षित आहे’ असे सांगणाऱ्या पुरवठादारापेक्षा, सर्वांसमोर तपासल्या गेलेल्या पद्धतीचा वापर करणारा पुरवठादार अधिक विश्वासार्ह मानावा.

दुसरा धडा काळाविषयीचा आहे. कोणतेही कार्ड कायमचे सुरक्षित नसते. डेसफायर मालिकेतील मूळ कार्डावर २०११ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी यशस्वी हल्ला केला. तेव्हा त्याच्या पुढील आवृत्तीकडे वळणे आवश्यक झाले. सध्याच्या ईव्ही ३ या आवृत्तीचा आरंभ २०२० मध्ये झाला. म्हणून दारावरील यंत्रे पुढील पिढीचे कार्डही वाचू शकतील अशी असावीत.

तिसरा धडा स्वस्त पर्यायांविषयीचा आहे. ‘मायफेअर सुसंगत’ म्हणून इतर उत्पादकांच्या चिप विकल्या जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समधील क्वार्क्सलॅब या संस्थेचे फिलिप ट्युवेन यांनी फुदान कंपनीच्या अशाच एका सुधारित चिपमध्ये एक छुपी, सर्व कार्डांना सामाईक असलेली किल्ली असल्याचे उघड केले. म्हणजे संस्थेने आपल्या किल्ल्या काळजीपूर्वक बदलल्या, तरी मागील दार उघडेच राहत होते. निविदेत चिपच्या निर्मात्याचे नाव का हवे, याचे हे पुरेसे कारण आहे.

आश्चर्य असे की, मायफेअर क्लासिकची दुर्बलता जाहीर होऊन इतकी वर्षे लोटली तरी ती व तिच्या सुसंगत कार्डे अजूनही विकली जातात. पुष्कळदा त्यांच्या किल्ल्या कारखान्यातून आल्या तशाच, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या अवस्थेत, ठेवलेल्या असतात.

६. कामानुसार निवडीचे निकष

कार्ड कोणते, हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. आधी कार्डाने कोणती कामे करावयाची आहेत त्यांची यादी करावी आणि त्या प्रत्येक कामात नक्कल झाल्यास किती हानी होईल ते ठरवावे. महाविद्यालयातील प्रमुख कामांचा असा विचार पुढे केला आहे.

अ) प्रवेशद्वार : येथे सुरक्षारक्षक उपस्थित असतो. त्याला दुरूनही दिसेल असे मोठे छायाचित्र, शैक्षणिक वर्ष व शाखेनुसार रंगाची पट्टी या साध्या बाबींचा येथे सर्वाधिक उपयोग होतो. चिपची आवश्यकता सहसा नसते.

आ) ग्रंथालय : देवघेवीसाठी बारकोड पुरेसा आहे. ग्रंथांवर आरएफआयडी पट्ट्या असलेल्या ग्रंथालयांनी एक बाब तपासावी. त्या पट्ट्या बहुधा आयएसओ/आयईसी १५६९३ या मानकाच्या असतात. वारंवारता तीच, १३.५६ मेगाहर्ट्झ, असली तरी त्यांची भाषा ओळखपत्राच्या १४४४३ या मानकाहून भिन्न आहे. ग्रंथालयातील यंत्र दोन्ही वाचते काय, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

इ) हजेरी : येथे सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. कार्ड हे वस्तूच्या उपस्थितीचा पुरावा देते, व्यक्तीच्या नव्हे. एक विद्यार्थी चार मित्रांची कार्डे यंत्राला दाखवू शकतो आणि ती चारही कार्डे अस्सल असतात. कितीही महागडी चिप हा दोष दूर करू शकत नाही. ७५ टक्के उपस्थितीची अट काटेकोरपणे पाळावयाची असेल तर वर्गातील अध्यापकाच्या नजरेला पर्याय नाही. कार्डाने नोंदीचे श्रम वाचतात. नोंदीची सत्यता वाढत नाही.

ई) वसतिगृह, रसायनांचे भांडार, संगणक कक्ष व परीक्षेच्या गोपनीय साहित्याची खोली : येथे दार उघडताना कोणी समोर नसते आणि नक्कल झाल्यास होणारी हानी गंभीर असते. या दारांसाठी चौथ्या वर्गातील कार्ड व किल्लीची सिद्धता मागणारे यंत्रच हवे. प्रश्नपत्रिकांच्या खोलीसाठी कार्डाबरोबर गुप्तांक किंवा दोन व्यक्तींची एकत्र उपस्थिती अशी जोड द्यावी. दारावरील यंत्रापासून नियंत्रकापर्यंत जाणारी तारही दुर्लक्षून चालणार नाही. विगंड या जुन्या जोडणीत माहिती उघड स्वरूपात वाहते. ओएसडीपी ही नवी जोडणी कूटलेखनाची सोय देते आणि २०२० मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली आहे.

उ) उपाहारगृहातील देयके : कार्डात पैसे साठविण्याची कल्पना एके काळी आकर्षक होती. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर तिची गरज बरीच कमी झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, कार्ड देणारी संस्था केवळ स्वतःच्याच वस्तू व सेवांसाठी ते वापरू देत असेल आणि रोख रक्कम काढता येत नसेल, तरच अशा बंदिस्त व्यवस्थेला परवानगीची आवश्यकता नसते. उपाहारगृह कंत्राटदाराचे असेल तर हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. म्हणून बहुतेक महाविद्यालयांनी ओळखपत्र व पैसा यांची गल्लत न करणेच हिताचे.

या विश्लेषणावरून असे दिसते की, तीन हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात खऱ्या अर्थाने सुरक्षित कार्डाची गरज काही मोजक्या दारांना व ती दारे वापरणाऱ्या मर्यादित व्यक्तींना असते. सर्व विद्यार्थ्यांना मध्यम दर्जाची चिप देण्यापेक्षा, सर्वांना उत्तम छापील व बारकोडयुक्त कार्ड आणि गरजू गटाला उच्च दर्जाचे कार्ड देणे अधिक सयुक्तिक ठरेल. दोन्ही कार्डांची बाह्य छपाई एकसारखी ठेवता येते.

७. किल्ली आणि नोंदी यांची मालकी

कार्डे बदलता येतात, यंत्रे बदलता येतात. किल्ली पुरवठादाराकडे असेल तर मात्र संस्था त्याच्याशी कायमची बांधली जाते. दुसऱ्या कंपनीची कार्डे तिच्या दारांवर चालत नाहीत आणि वार्षिक देखभालीचा दर पुरवठादार ठरवील तोच मान्य करावा लागतो. म्हणून मुख्य किल्ली संस्थेच्या प्रतिनिधींसमोर, शक्यतो दोन किंवा तीन व्यक्तींनी स्वतंत्रपणे दिलेल्या भागांतून, तयार करावी आणि ते भाग मोहोरबंद लिफाफ्यांत वेगवेगळ्या कपाटांत ठेवावेत. प्रत्येक कार्डाची किल्ली मुख्य किल्ली व त्या कार्डाचा अनुक्रमांक यांपासून स्वतंत्रपणे निर्माण केलेली असावी. असे केल्यास एक कार्ड फोडले गेले तरी उरलेली सुरक्षित राहतात.

पुरवठादारावरील अवलंबित्व टाळण्याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. वाहन परवाना व वाहन नोंदणी पुस्तिका स्मार्ट कार्डावर आणताना, एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात वाचता यावे आणि शासन एकाच कंपनीवर अवलंबून राहू नये, हा प्रश्न उभा राहिला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र आणि आयआयटी कानपूर यांच्या सहकार्याने ‘स्कोस्टा’ ही कार्डाची खुली विनिर्देशिका तयार झाली. आयआयटी कानपूरचे प्रा. रजत मूना यांचा तीत महत्त्वाचा वाटा होता. जी कंपनी या विनिर्देशिकेनुसार चाचणी उत्तीर्ण होईल तिचे कार्ड ग्राह्य, असे सूत्र त्यामुळे शक्य झाले. महाविद्यालयानेही हेच सूत्र स्वीकारावे : आधी विनिर्देश, मग पुरवठादार.

किल्लीप्रमाणेच नोंदींचाही विचार करावा. कोण, केव्हा, कोणत्या दारातून गेले याची नोंद संस्थेच्या संगणकावर व सर्वसामान्य स्वरूपात मिळाली पाहिजे. करार संपताना सर्व माहिती परत करून पुरवठादाराकडील प्रती नष्ट करण्याची अट करारातच असावी.

८. विद्यार्थ्याची माहिती आणि कायदा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे घोषित केले. त्यानंतर वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख बंधनांच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला. या अधिनियमानुसार, माहितीवरील प्रक्रिया बाह्य कंपनीकडून करवून घेतली तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘ती माहिती पुरवठादाराकडून बाहेर गेली’ हा बचाव त्यामुळे पुरेसा ठरणार नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि आपल्या अनेक महाविद्यालयांत अकरावी-बारावीचे वर्ग त्याच इमारतीत भरतात. बालकांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेण्यास मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कार्य व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांपुरतीच यातून सूट देण्यात आली आहे. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणत्या कारणासाठी घेतल्या जातात, हे लेखी ठरविलेले असावे.

पालकांना विश्वासात न घेता केलेली योजना कशी कोसळते याची उदाहरणे अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्नियातील सटर या गावच्या शाळेने २००५ मध्ये विद्यार्थ्यांच्या गळ्यात रेडिओलहरींवर वाचली जाणारी ओळखपत्रे दिली. पालकांच्या विरोधामुळे ती योजना अल्पावधीत गुंडाळावी लागली. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील नॉर्थसाइड शाळा मंडळाने २०१२ मध्ये दोन शाळांत असाच प्रयोग केला. तो न्यायालयात गाजला आणि २०१३ मध्ये बंद करण्यात आला.

कार्डावर काय छापावे हाही खाजगीपणाचाच प्रश्न आहे. जन्मतारीख, घरचा पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक व रक्तगट छापण्याची आपल्याकडे प्रथा आहे. गळ्यात अडकविलेल्या कार्डावरून विद्यार्थिनीचा भ्रमणध्वनी क्रमांक बसथांब्यावरील कोणालाही वाचता यावा, हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. रक्तगट छापूनही विशेष लाभ होत नाही, कारण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय स्वतंत्र तपासणी करतेच. नाव, छायाचित्र, वर्ग, ओळख क्रमांक, वैधतेची तारीख आणि कार्ड सापडल्यास संपर्कासाठी महाविद्यालयाचा दूरध्वनी एवढे पुरेसे आहे. आधार क्रमांक कार्डावर किंवा चिपमध्ये मुळीच असू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवी प्रमाणपत्रांवरही पूर्ण आधार क्रमांक छापू नये असे कळविले आहे. विद्यापीठाचा पीआरएन परीक्षा अर्जापासून गुणपत्रिकेपर्यंत सर्वत्र वापरला जात असल्याने कार्डाचा क्रमांक त्याहून वेगळा असावा.

९. व्यावहारिक बाबी

संपर्करहित कार्डाच्या कडेने अँटेनाच्या तारेचे वेटोळे फिरविलेले असते. गळ्यातील पट्टी अडकविण्यासाठी कार्यालयात हाताने छिद्र पाडल्यास ही तार तुटते व कार्ड निकामी होते. छिद्राची जागा कारखान्यातच ठरवून घ्यावी. चिपच्या उंचवट्यावर थेट छपाई नीट उठत नाही. आधी पातळ पटलावर छापून ते कार्डावर चढविणारा मुद्रक अशा कार्डांसाठी अधिक योग्य असतो.

हरवलेल्या कार्डाची व्यवस्था निवडीपूर्वीच तपासावी. कार्ड रद्द केल्यानंतर ती सूचना प्रत्येक दारापर्यंत किती वेळात पोहोचते, वीजपुरवठा खंडित झाल्यास दार कोणत्या स्थितीत राहते, हे प्रश्न विचारावेत. आगीच्या प्रसंगी प्रत्येक दार आतून कार्डाविना उघडलेच पाहिजे. या बाबतीत तडजोड नको.

खर्चाचा विचार तीन वर्षांसाठी एकत्रित करावा. कार्डाच्या दराबरोबर मुद्रकाची रिबन, दुय्यम प्रती, यंत्रांची देखभाल, प्रणालीचे वार्षिक शुल्क आणि कार्यालयीन मनुष्यबळ यांचा हिशेब मांडल्यास, स्वस्त वाटणारी योजना पुष्कळदा तशी राहत नाही. भ्रमणध्वनीतील ओळखपत्राचा पर्यायही पुढे येत आहे. अमेरिकेतील ड्यूक, अलाबामा व ओक्लाहोमा या विद्यापीठांनी तो २०१८ मध्ये सुरू केला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे तशी सोय असलेला भ्रमणध्वनी असेल असे गृहीत धरता येत नसल्याने, आपल्याकडे तो प्लास्टिकच्या कार्डाला पूरक म्हणूनच विचारात घ्यावा.

१०. निविदेत घालावयाच्या अटी

वरील विवेचनाच्या आधारे खरेदी समितीने पुढील अटींचा आग्रह धरावा.
१) चिपचा निर्माता, प्रकार व आवृत्ती यांचा लेखी उल्लेख आणि त्या चिपचे सुरक्षा प्रमाणपत्र.
२) संवेदनशील दारांवर केवळ अनुक्रमांकावर आधारित प्रवेश अमान्य, एईएस पद्धतीने सिद्धता आवश्यक.
३) कारखान्यातील मूळ किल्ल्या बदलणे आणि मुख्य किल्ली संस्थेच्या ताब्यात देणे.
४) प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र किल्ली.
५) दुसऱ्या पुरवठादाराची, त्याच विनिर्देशाची कार्डे त्याच यंत्रांवर चालल्याचे प्रात्यक्षिक.
६) नोंदींची मालकी संस्थेची, त्या जपण्याची मुदत निश्चित, करारान्ती माहिती परत व प्रती नष्ट.
७) एका विभागात किमान एक सत्र प्रायोगिक वापर आणि त्यानंतरच पूर्ण रक्कम अदा.

११. निष्कर्ष

स्मार्ट ओळखपत्राची निवड ही वरवर पाहता छपाईची व दराची बाब वाटते. वस्तुतः ती विश्वासाची व्यवस्था उभारण्याची बाब आहे. कार्ड क्रमांक सांगते की सिद्धता देते, किल्ली कोणाकडे आहे आणि नोंदी कशासाठी ठेवल्या जातात, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणतेही कार्ड निवडू नये. यांपैकी एकही प्रश्न विचारण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ज्या महाविद्यालयाला या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नाहीत, त्याने चांगले छायाचित्र असलेल्या साध्या कार्डावर आणि दारावरील जागरूक माणसावर विसंबणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्या दारांना खरोखर चिपची गरज आहे तेथे मात्र खर्चात कपात करू नये. वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी आणि परीक्षेला बसणारा विद्यार्थी यांनी संस्थेवर टाकलेला विश्वास या मोजक्या दारांपाशीच कसोटीला लागतो.